वॉचमनचे नदीतले मासे

मुलांनो, आमच्या सोसायटीचे वॉचमन विदर्भातले. रात्रपाळी संपली की ते मागच्या नदीत गळ टाकतात आणि बाजारात कोणी विचारत नाही असे बोटभर, काटेरी मासे आणतात. मीठ-हळदीने चोळून तव्यावर इतके कडक करतात, की काटाही चावून खाता येतो.

"अहो, पाण्यावर कारखान्यांचा केवढा फेस आहे," मी नेहमी म्हणते.

"फेस वरतं हाय, आजी. मासा खाली राहते."

त्यांच्या बायकोला सातवा महिना आहे. परवा न राहवून मी त्यांच्या खोलीपाशी गेले, तर ती शेजारी बसलेली आणि ते एकटेच खात होते.

"हिला नाही वाढलंत?"

"तिले संध्याकाळी. दिवसभर मले काही झालं नाही, का मंग ती खाते."

"म्हणून मले नेहमी शिळंच भेटते," ती हसून म्हणाली.

ते आधी स्वतःवर तपासून बघतात, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "या पाण्यातलं विष संध्याकाळपर्यंत दिसत नाही हो."

त्यांचा घास हातातच राहिला. "मंग किती दिवसानं दिसते?"

ती आता हसत नव्हती. दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते.