खातेदाराचा रकाना

आमच्या गोरेगावच्या बँकेतला तो बाबू पासबुकावरचा एकेक आकडा बोटाने दाबून मोठ्याने म्हणतो, मग लिहितो आणि शेवटी उलट्या बाजूने वाचून पडताळतो. परदेशातून पैसे यायचे असले की तिकडच्या पद्धतीने खात्याची माहिती लिहून घ्यायला सगळे त्यालाच गाठतात. बँकेचा तो परदेशी कोड त्याला तोंडपाठ आहे. माझी मुलगी जर्मनीहून दर महिन्याला माझ्या खात्यात पैसे टाकणार होती. मी विश्वासाने त्याचा कागद न वाचताच फोटो काढून तिला पाठवला.

पहिलेच पैसे परत गेले. नाव जुळत नाही म्हणे! पाहते तर आकडे चोख, कोड चोख आणि खातेदाराच्या रकान्यात सुबक अक्षरात माझ्या नवऱ्याचं नाव. मुलीलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

ह्यांना घेऊन मी तडक बँकेत गेले. "बाबूजी, खातं कोणाचं आहे?"

"तुमचंच आहे जी, सिस्टर."

"मग ह्यांचं नाव काऊन लिहिलं?"

"फॉरेनचे पैसे येऊन राहिले न जी. घरच्या माणसाचं नाव असलं तं बरं दिसते."

सरकारी दवाखान्यात जन्मभर इंजेक्शनं टोचली मी, आणि बरं दिसायला नाव ह्यांचं! मी इतकी कडाडले की रांगेतली माणसं मागे सरकली. बाबूने शांतपणे नवा कागद घेतला, माझं नाव एकेक अक्षर म्हणत लिहिलं आणि उलटं वाचून पडताळलं. मग तो कागद माझ्यासमोरून नेऊन ह्यांच्यापुढे धरला.

"पाहून घ्या साहेब, बरोबर आहे न?"

आणि आमचे हे खिशातून चष्मा काढून खरंच तपासू लागले.