गोगीची पहिली शिष्या

माझ्या मामेबहिणीला घरात गोगी म्हणतात. लहानपणी ती एक घास तोंडात घेऊन खिडकीबाहेर बघत बसायची, तोवर बाकीच्यांची ताटं धुऊन व्हायची. मामीनं वैतागून तिला गोगलगाय म्हणायला सुरुवात केली, त्याचं पुढे गोगी झालं. आता ती अठरा वर्षांची आहे आणि अजून जिनासुद्धा विचार करून उतरते.

तिच्या वर्गातल्या पोरांचं सगळं ठरलेलं होतं. एकाला व्हिडिओ टाकून जगप्रसिद्ध व्हायचं होतं. एकीला अंथरुणात बसून परदेशातल्या कंपनीचं काम करायचं होतं. एका तत्त्ववेत्त्याचं म्हणणं, पुढे सगळी कामं यंत्रंच करणार, तेव्हा झोपेचा सराव आत्तापासून केलेला बरा. गोगीला विचारलं तर म्हणाली, "मला बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल चालवायचंय."

यावर मामानं खूश व्हायचं, तर तो भडकला. "अगं, गाड्या आता आपल्या आपण चालायला लागल्यात. शिकवणार कोणाला, गाडीला?"

"तोवर माणसं येतायत ना, बाबा."

"त्यापेक्षा कंप्युटरचं काहीतरी शीक."

"ते कामही म्हणे कंप्युटरच करणार आहे."

मामानं मग आवाज वाढवला. त्याची शिकवण्याची पद्धतही हीच. "क्लच आहे तो, पायपुसणं नाही," हे त्याचं वाक्य ऐकून रस्त्यावरचे लोक शिकणाऱ्याकडे दयेनं बघतात. खुद्द मामीनं लग्नानंतर एकदा शिकायला घेतलं होतं. भर चौकात गाडी बंद पडली, मामा बोलायचं ते बोलला, आणि मामी दार उघडून चालत घरी आली. तेव्हापासून ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची बायको बसनं फिरते.

शेवटी मामानं अट घातली. "आईला शिकवून दाखव. तिला लायसन्स मिळालं तर स्कूलमध्ये ये. नाहीतर मी सांगेन तो कोर्स, मुकाट्यानं."

"माझ्या जिवावर पैजा लावा," मामी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती बूट घालून तयार होती.

मी मजा बघायला मागच्या सीटवर बसलो आणि पहिल्याच वळणावर पस्तावलो. गाडी बेडकासारखी उड्या मारत होती. मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात काढेना.

"वाजवू दे गं," गोगी म्हणाली. "घरी कोणी बोलू देत नसेल त्याला." मग जरा थांबून, "आई, दूध वर आलं की तू गॅस कसा हळूहळू कमी करतेस? तसा क्लच सोड."

मामीला हसू आलं आणि हसता हसता गाडी सरळ निघाली. कोणी ओरडत नाही म्हटल्यावर मामीचा पाय भीतीनं भलतीकडे जाईना. पुढे रोज तिला तेवढंच पुरलं.

परीक्षेच्या दिवशी मामा मैदानाच्या कुंपणाला चिकटून उभा. खांबांमधून गाडी मागे घेताना मामीकडून ती मधेच बंद पडली. मामानं तोंड उघडलं.

"बाबा," गोगी एवढंच म्हणाली. तोंड मिटलं.

आत मामी क्षणभर नुसती बसली. शेजारी बसलेल्या परीक्षक साहेबांना बहुतेक "एक मिनिट हं" म्हणाली असावी. मग गाडी सुरू केली आणि केस विंचरावेत तशी दोन खांबांमधून मागे आणली.

घरी येताना स्टिअरिंग तिच्याच हाती होतं. शेजारी गोगी, मागे मी आणि मामा. मामाचा उजवा पाय पायाखालचं मॅट सारखं दाबत होता, नसलेला ब्रेक शोधत. मग तो गोगीच्या वेणीकडे बघत म्हणाला, "सोमवारपासून सकाळची बॅच तू घे."

"घेते. पण त्या वेळी तुम्ही घरी थांबायचं."

"घरी नको," मामी आरशात बघून म्हणाली. "तिथे मी असते."