चिचगडच्या दवाखान्यातली ड्रोनवाली

नाल्याला पूर आल्याने आमच्या गावचा रस्ता बंद होता आणि पलीकडे वहिनीला साप चावला होता. गावात नर्स होती, पण औषध चिचगडच्या दवाखान्यात. मीही तिथेच अडकलेलो. चाळिशीतल्या एका बाईने ते औषध ड्रोनला बांधून उडवलं. मोबाइलच्या नेटवर्कवर चालणारा तो ड्रोन ती खोलीत बसून लॅपटॉपवरून सांभाळत होती.

ड्रोन जंगलावर पोहोचताच पडद्यावरचं चित्र थिजलं.

"काऊन थांबला?" मी घाबरून विचारलं.

"थो नाही थांबला, भाऊ. नेटवर्क गेलं. रस्ता सांगून धाडलं हाय त्याले, जाऊनच राहिला."

आवाज शांत होता, पण टेबलाखाली ती पायाच्या अंगठ्याने फरशी दाबत होती.

दोन-तीन मिनिटांनी चित्र हललं. शाळेचं अंगण दिसलं, धावत येणारी नर्स दिसली. मला रडू फुटलं. त्या बाईने आपला डबा उघडून अर्धा भात माझ्यापुढे सरकवला. "खा आता."

वहिनी वाचली. पंधरा दिवसांनी मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो, तेव्हा त्या बाईचा ड्रोन दुसऱ्याच गावाकडे निघाला होता. पडद्यावरची नजर न हलवता तिने वहिनीचा हात धरला, आणि ड्रोन पोहोचेपर्यंत सोडला नाही.