उपासाला गोळी चालत नाही

रविवारची दुपार. पंख्याचा आवाज लांब जातो, उशी मऊ होत जाते, आणि मी

प्रयोगशाळेत. अंधारी खोली, सूक्ष्मदर्शक. शेजारच्या स्टुलावर सासूबाई. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. तोंड अजून उजवीकडे ओढलेलं, झटका आला तेव्हा होतं तसंच.

"काय बघतेस गं, शुभदा?"

"रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांच्या पेशी, आई. आतला डीएनए तुटला असेल तर वीज सोडल्यावर तुकडे बाहेर सरकतात. शेपटीसारखे दिसतात."

"न घेणाऱ्यांना शेपटी नसते?"

"असते. कुणाची लांब, ते अजून कळलेलं नाही."

"म्हणजे सगळी माकडंच की."

काचेवर पेशी धरून ठेवायला मी जेल ओतते. त्या वाकून वास घेतात.

"चायना ग्रास ना हे? उपासाला चालतं."

ओतते ते पातेल्यात पडतं. आमचं स्वयंपाकघर. शेगडीवर ज्योत नाही, हिरवे ठिपके आहेत. प्रत्येकाला शेपटी.

"यातली मी कुठली?"

"मलाही माहीत नसतं. मोजून होईपर्यंत नावं झाकलेली असतात."

"रक्त तर मीच दिलं. निम्मं तू आधीच आटवलं होतंस, उरलं ते दिलं."

मी हसते. ठिपके ओट्यावर उतू जातात.

"मला गोळीवाल्यांत धरलंयस?"

"हो. रोज घेत होतात ना?"

"रोज कुठली? उपासाला गोळी चालत नाही. तिच्यात पीठ असतं."

सोमवार.

चतुर्थी.

दोन्ही एकादश्या.

दवाखान्याचा बाक. दंडाला बांधलेला पट्टा फुगतोय. दंड माझा आहे.

"आई, तुम्हाला झटका आला त्या दिवशी—"

"एकादशी होती."

पट्टा फुगतोय. सोडायला कुणी नाही.

"तुलाही गोळी लिहून दिलीय ना? पाकीट तर भरलेलंच आहे."

"दिवसभर शेपट्या बघते, आई. गोळीनंच लांबत असतील तर? घ्यायला हात जात नाही."

"पण अजून कळलेलं नाही म्हणालीस."

"नाही कळलेलं."

"माझ्या उपासाला देव तरी होता. तू कुणाचा उपास धरलायस?"

कानात ठोके. त्या गोळी काढतात, नखानं मधोमध मोडतात.

"अर्धी तू, अर्धी मी. माझी राहिलीय. उघड तोंड."

मी तोंड उघडते आणि

पंखा. भिंतीवर ऊन. पाकीट चादरीवर, एक घर फोडलेलं. मुठीत अर्धी गोळी, घामानं ओली. तळव्यावर पांढरं पीठ.

दुसरी अर्धी मी चादर झटकून शोधते. उशीखाली, पलंगाखाली, अंगावरच्या कपड्यांत. कुठंच नाही.

जीभ टाळूला लावून बघते. कडू लागत नाही.

म्हणजे मुठीतली माझी.