मागच्या सीटवर शिरीष: टॅन्डमवरून रोमन सीमेकाठी चार दिवस

जानेवारीत शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आपली सायकल विकून टाकली. इथे हॉलंडमध्ये सायकलमार्गावर मोटारी शिरू नयेत म्हणून मधोमध कमरेएवढे खांब रोवलेले असतात, लाल-पांढरे, चांगले ठळक. त्यातल्या एकावर तो भर दुपारी जाऊन आदळला आणि मनगट मोडून घेतलं. त्याला डोळ्यांचा आनुवंशिक आजार आहे. मधलं नीट दिसतं, कडेचं हळूहळू नाहीसं होत चाललंय. लांबच्या पाटीवरची बारीक अक्षरं तो सहज वाचतो, पण पाटी नेमकी कुठे आहे हे त्याला शोधावं लागतं. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात सायकल गेली. त्या विषयावर आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आम्ही फोरबर्गला राहतो, हेगला अगदी चिकटून. मी घरूनच शिवणकामाचा व्यवसाय करते, तो रॉटरडॅमला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या घराजवळच्या बागेखाली एक रोमन नगर गाडलेलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ऱ्हाइन नदी ही रोमन साम्राज्याची उत्तरेची हद्द होती आणि तिच्या दक्षिण काठाने किल्ल्यांची रांग होती. आता त्या रेषेने सायकलमार्ग जातो, समुद्रापासून नाइमेखनपर्यंत आणि पुढे जर्मनीत. शिरीषने तीन वर्षांपूर्वी त्याचा नकाशा आणून जेवणाच्या टेबलाशेजारी चिकटवला होता. ‘पुढच्या मे महिन्यात’ असं दर वर्षी ठरायचं.

मार्चमध्ये मी त्याला न विचारता एकामागे एक दोन सीट असलेली टॅन्डम सायकल भाड्याने ठरवून आले. परतताना ट्रेनमध्ये एवढं लांबडं धूड नेण्याच्या भानगडीत पडायचं नव्हतं, म्हणून दुकानदाराने थोडे जास्त पैसे घेऊन ती नाइमेखनहून परत उचलून न्यायचं कबूल केलं. तुम्ही जाणार असाल तर हे आधी पक्कं करा.

“मला मागे बसवून फिरवणार का तू?” शिरीषने विचारलं.

“फिरवणार नाही. पाय तुलाही मारायचेत.”

आमची पंधरा वर्षांची सई डचमध्ये म्हणाली, “आईला एकटीलासुद्धा सरळ रेषेत जाता येत नाही.” यात तथ्य होतं. मी सायकल शिकले ती इथे आल्यावर, पस्तिसाव्या वर्षी. पण शिरीष हसला. जानेवारीनंतर पहिल्यांदाच. मी ते होकारासारखं धरलं.

मे महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सईला तिच्या मैत्रिणीकडे सोडून आम्ही निघालो. पश्चिमेकडून पूर्वेकडे जायचं हे लक्षात ठेवा, इथला वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो आणि पाठीवर असला की दहा किलोमीटर फुकट मिळाल्यासारखे वाटतात. खाण्याची सोय म्हणून दशम्या, दाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी घेतली होती. वाटेत कॉफी आणि सफरचंदाचा केक कुठेही मिळतो, पण जेवण म्हणून सँडविचशिवाय फारसं काही नाही.

पहिले दोन तास आम्ही दारू पिऊन निघाल्यासारखे गेलो. टॅन्डमवर मागच्या माणसाने अंग सैल सोडायचं असतं. शिरीष मात्र वीस वर्षांच्या सवयीने वळण घेऊ पाहायचा. मी डावीकडे वळवायचे, तो उजवीकडे झुकायचा. लायडनच्या जुन्या किल्ल्याच्या जागी पोचलो तेव्हा माझे दोन्ही खांदे भरून आले होते. तिथे आता बाग आहे. किल्ल्याची चौकोनी हद्द मातीचे बांध घालून दाखवली आहे आणि आत मुलं फुटबॉल खेळत होती. बांधावर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. शिरीषने माहितीफलक वाचून दाखवला. फलक त्याला मी दाखवला.

तिथून पुढचा रस्ता जुन्या ऱ्हाइनच्या काठाने जातो. साम्राज्य अडवणारी ती नदी आता कालव्याएवढी उरली आहे, दोन्ही बाजूंना बैठी घरं आणि दारात बांधलेल्या होड्या. आल्फनच्या पुढे एका ठिकाणी मार्गावर आडवंतिडवं लाकडी फाटक आलं. मी घाबरून एकदम ब्रेक मारला. शिरीष पुढे आदळला, सायकल कलली आणि आम्ही दोघं बाजूच्या गवतात पडलो. गवत म्हणजे सगळी खाजरी झुडपं होती.

“सांगायचं ना,” तो म्हणाला.

“मला वाटलं, तुला दिसलं असेल.”

दोघांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. उरलेले दहा किलोमीटर आम्ही तोंडातून शब्द न काढता कापले. मी मनात दुसऱ्या दिवशीच्या परतीच्या गाड्या बघत होते.

बोडेखरावनला आमचा मुक्काम एका घरी होता. सायकलवरून फिरणाऱ्यांना घरातली खोली देणारे लोक या देशात गावोगाव आहेत. माणशी तीसेक युरोमध्ये खोली आणि भरपेट नाश्ता, हॉटेलच्या निम्म्याहून कमी. आमच्या यजमानीणबाई योके, सत्तरी ओलांडलेल्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडायचं आणि मिटायचं काम केलं होतं. आमचे हात बघून त्यांनी आधी थंड पाण्याची बादली आणून ठेवली, मग वाटाण्याचं सूप वाढलं. शिरीषने पाण्याचा ग्लास घ्यायला हात पुढे केला आणि तो मीठदाणीला लागला. मी सवयीने मीठदाणी हळूच बाजूला सरकवली. योके माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होत्या.

“तुला किती दिसतं?” त्यांनी विचारलं. वेळ किती झाली असं विचारावं, तसं.

आमच्या घरात, नात्यात, मित्रांत हा प्रश्न कोणी असा विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मला वाटलं, आता हा हसून विषय बदलणार. शिरीषने चमचा खाली ठेवला आणि त्याच्या स्वच्छ, जरा पुस्तकी डचमध्ये सांगायला लागला. टेबलाभोवती तिघं बसलेली असली तरी त्याला एका वेळी एकच माणूस दिसतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कोण बोलतंय ते शोधेपर्यंत बोलणं संपलेलं असतं. संध्याकाळी उजेड उतरला की माणसं आवाजावरून ओळखायची. जिन्याच्या पायऱ्या तो मोजतो. आमच्या घरच्या चौदा, ऑफिसच्या बावीस.

मी सूप ढवळत बसले. एकाच घरात राहून यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं.

“आणि सायकलवर मागे बसून कसं वाटतं?” योकेंनी विचारलं.

“पुढचा माणूस काही सांगत नाही,” शिरीष म्हणाला, “त्यामुळे भीती वाटते.”

योके माझ्याकडे वळल्या. “मग सांग की,” एवढंच म्हणाल्या आणि पातेलं घेऊन आत गेल्या.

परतीच्या गाडीचा विषय निघालाच नाही. शुक्रवारी सकाळपासून मी बोलायला लागले. “डावीकडे वळतोय. समोर खांब. पुढे विटांचा रस्ता, हादरे बसतील. हळू करतेय. बदकं.” सुरुवातीला माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. वुर्डनच्या अलीकडे केव्हातरी सायकल एकदम हलकी वाटायला लागली. मागे वळून बघायची सोय नव्हती, पण त्याने अंग सोडलं होतं.

वुर्डनमध्ये किल्ला गावाखालीच आहे आणि जमिनीखालच्या पार्किंगमध्ये रोमन काळाची माहिती लावली आहे. मोटारींमधून वाट काढत इतिहास बघायचा अनुभव घ्याच. पण वेळ कमी असेल तर तो युट्रेख्टजवळच्या डे मेर्नसाठी राखा. तिथे किल्ल्याच्या मूळ जागेवर नव्याने लाकडी तटबंदी उभारली आहे आणि आत एक खरंखुरं रोमन जहाज आहे, जवळच चिखलात सापडलेलं. दोन बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढ्या होतील, जवळजवळ तेवढं लांब. मी दारातूनच जहाज बघून घेतलं. शिरीष नाळेपासून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापासून, सुरू झाला आणि एकेक फळी बघत मागच्या वल्ह्यापर्यंत गेला, मग परत आला. पाऊण तास लागला. जहाजावरच्या माणसाची हत्यारांची पेटीही सापडली होती, ती तो मला समजावून सांगत होता, रंधा कुठला, करवत कुठली. ती ज्या काचेच्या कपाटात होती ते ओलांडून मी केव्हाच पुढे गेले होते, मला परत बोलावून त्याने दाखवली.

शनिवारी युट्रेख्टच्या बाहेर फेख्तनला गेलो. इथल्या किल्ल्याची बाह्यरेषा गवतात काँक्रीटने आखली आहे. शिरीषने सामानातून एक घडीची पांढरी काठी काढली. ती त्याच्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं. काँक्रीटच्या कडेला काठीचं टोक लावून तो एकटा चालू लागला. मी सायकलपाशी थांबले. चारही बाजू फिरून तो परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

“कधी घेतलीस?”

“मागच्या दिवाळीत. ऑफिसच्या बॅगेतच होती.”

पुढे वाइक बाय ड्युरस्टेडेपासून ऱ्हेननपर्यंतचा रस्ता नदीच्या बांधावरून जातो. या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत सुंदर टप्पा. उजव्या हाताला इथे अजून रुंद असलेली ऱ्हाइन, मधल्या कुरणात घोडे, डाव्या हाताला फळबागा. फाटकांवर मधाच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, पैसे डब्यात टाकायचे. रस्ता इतका सरळ आणि मोकळा की मला सांगण्यासारखं काही उरलं नाही. मग मी म्हणाले, “योकेंना सांगितलंस ते मला मराठीत सांग.”

“डचमध्ये ते सोपं जातं,” तो म्हणाला. “हॉस्पिटलमधले शब्द आहेत, ते वापरायचे. मराठीत म्हटलं की खरं वाटतं.”

“तरी सांग.”

त्याने सांगितलं. टॅन्डमवर एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, त्याचा फार उपयोग झाला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काठी वापरायच्या प्रशिक्षणासाठी दोनदा नाव घालून दिलं होतं, दोन्ही वेळा त्याने ते कामाचं कारण देऊन रद्द केलं होतं. तिथे गेलं की आपण आंधळ्यांमध्ये मोडू, असं त्याला वाटायचं. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभी असले की त्याला माझा चेहरा दिसत नाही, म्हणून तो मुद्दाम काहीतरी विचारतो, आवाज ऐकायला. मला वाटायचं, हा एकच प्रश्न दोनदा विचारतो, लक्ष नसतं याचं.

मग मीही सांगितलं. बैठकीच्या खोलीतलं बुटकं टेबल मध्यंतरी मी काढून टाकलं, ते त्याला सांगितलं तसं जागा होत नाही म्हणून नव्हे. त्याच्या नडग्यांवरचे डाग बघून काढलं होतं.

“ते माहीत होतं मला,” तो म्हणाला. “पण मला विचारून काढायला हवं होतंस.”

“हो. हवं होतं.”

एवढ्यात समोरून सायकलवाल्यांचा एक घोळका आला आणि मला पुन्हा “उजवीकडे घेतेय” वगैरे सुरू करावं लागलं.

ऱ्हेननच्या पुढे चढ आहे. हॉलंड सपाट असतं या भरवशावर राहू नका. रविवारी सकाळी त्या चढावर मी खरं तर उतरून ढकलायला निघाले होते. “बस गं, मी मारतो,” शिरीष म्हणाला आणि त्याने मागून असा जोर लावला की आम्ही वरपर्यंत गेलो. दुपारी आर्नहेमजवळ नदीकाठच्या रानात दगडांनी भरलेल्या जाळ्यांनी दाखवलेला किल्ला पाहिला. संध्याकाळी वाल नदीचा लांबच लांब पूल ओलांडून नाइमेखनमध्ये शिरलो. टेकडीवर बसून बटाट्याचे तळलेले काप खाल्ले, सईला फोटो पाठवला. ‘कोणी पडलं का?’ असं तिचं डचमध्ये उत्तर आलं. “एकदाच,” शिरीषने मराठीत लिहिलं.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. प्रशिक्षणासाठी शिरीषने स्वतः फोन केला, पुढच्या महिन्यात सुरू होतंय. त्याची नजर सुधारलेली नाही आणि सुधारणारही नाही. मी घरात अजून कधी कधी न सांगता वस्तू हलवते, मग लक्षात आलं की सांगते. रस्ते, किल्ले, जहाज हे सगळं विसरायला होईल. पण बोलायची लागलेली सवय टिकली आहे.

गेल्या रविवारी त्याने पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सगळं सांगितलं. हे फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगू, असं म्हणत त्याने कितीतरी वर्षं घालवली होती. आईंनी त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, “मागच्या खेपेला आलास तेव्हा देवघराच्या उंबऱ्याला तीनदा ठेचकाळलास. ज्या घरात रांगलास, तिथे. मला तेव्हाच कळलं रे.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले होते.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. “आणि एवढी लांब सायकल कोणी चालवली?”

“मृणालने. मी मागे होतो.”

“मागे बसून काय करत होतास?”

“पाय मारत होतो,” शिरीष म्हणाला. “आणि ती सांगेल ते ऐकत होतो.”

आईंनी चष्मा परत लावला. “फोन मृणालकडे दे,” त्या म्हणाल्या.