मयतरावांचा खून

नाटक कंपनीत त्यांना सगळे मयतराव म्हणत. त्यांचं खरं काम सामानाचं: खुर्च्या, फुलदाण्या, खोटी पिस्तुलं जागच्या जागी ठेवायची. पण कंपनीच्या एका विनोदी खुनाच्या नाटकात पडदा उघडताच सोफ्यावर जे प्रेत दिसे, ते अकरा वर्षं मयतरावच होते. नाटकातला इन्स्पेक्टर प्रेताचा हात उचलून सोडी. मयतराव तो इतक्या सावकाश, इतक्या नाइलाजाने खाली आणत, की प्रेक्षक खदखदून हसत.

"मेलेल्यालाही कंटाळा येतोच की," ते म्हणत.

बायको म्हणे, "तिथे मरता ते ठीक आहे. घरी तरी हाकेला ओ देत जा."

त्यांना रंगवायचा रंग्या. मेकअपवाला, आणि कंपनीत त्यांचा एकुलता एक मित्र. प्रयोगाआधी तो त्यांच्या चेहऱ्यावर प्रेतकळा चढवी, आणि तेवढ्या वेळात दोघं मिळून सगळ्या कंपनीची टर उडवत. महिन्यापूर्वी रंग्याने त्यांच्या तोंडावर प्लास्टर थापून साचा घेतला. "नवी मिशी बेतायचीय," म्हणाला. मयतराव नाकात नळ्या घालून मुकाट पडून राहिले. कामात ते कधी खळखळ करत नसत.

एका शनिवारी दुपारच्या प्रयोगाआधी ते फुलदाणी काढायला कपाटाकडे गेले. दार उघडलं, तर आत त्यांच्याच पट्ट्यापट्ट्यांच्या कोटात ते स्वतः मरून उभे होते.

"अगं आई गं!"

सगळे धावत आले. इन्स्पेक्टरचं काम करणारा नट अर्धी दाढी करून आला होता. त्याने पुतळा निरखला आणि गंभीरपणे विचारलं, "मयताला शेवटचं जिवंत कुणी पाहिलं?"

हशा पिकला. मयतरावही हसले. मग त्यांचं लक्ष पुतळ्याच्या डाव्या कानामागे गेलं. तिथे भाजल्याचा डाग होता, अगदी त्यांच्यासारखा. कंपनीच्या व्यवस्थापकांना तो ठाऊक नव्हता, कंपनीत दुसऱ्या कुणालाच नव्हता. दर प्रयोगाला तो रंगाखाली झाकणारा माणूस एकच होता.

"रंग्या कुठाय?" त्यांनी विचारलं, आणि हसणं थांबलं.

व्यवस्थापक पुढे आले. "मयतराव, गेले दोन महिने तुम्ही प्रयोगात खोकताय. प्रेत खोकायला लागलं तर खून कुणी मानायचा?"

"बरोबर आहे, साहेब. तुमच्याशी माझं काही भांडण नाही."

रंग्या दाराशी उभा होता, हातात ब्रश. "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही रे. साहेब म्हणाले होते, कुणाला सांगू नकोस."

"मी 'कुणी' कधीपासून झालो? महिनाभर माझ्या डब्यात जेवलास. सांगितलं असतंस, तर मी आपणहून तोंड पुढे केलं असतं. मिशीची थाप कशाला मारलीस?"

"जीव ओतून केलाय. तुझी एक सुरकुती चुकवली नाही."

"दिसतंय ते."

घंटा झाली. पुतळा आता सामानात जमा होता, आणि सामान मयतरावांकडे. त्यांनी त्याला कडेवर घेतल्यासारखं उचललं, सोफ्यावर निजवलं, कोटाची कॉलर सारखी केली आणि विंगेत जाऊन उभे राहिले. अकरा वर्षांत हा प्रवेश त्यांनी पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी पाहिला.

इन्स्पेक्टरने हात उचलून सोडला. तो लाकडासारखा धाडकन आपटला. प्रेक्षागृह हसलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच हसलं.

रंग्या हळूच शेजारी येऊन उभा राहिला. "तुझ्या हाताची सर नाही त्याला," तो कुजबुजला.

बाहेर हशा अजून चालूच होता. दोघांनाही तो नीट ऐकू येत होता.

"मेकअपवाले," मयतराव म्हणाले, "जरा बाजूला व्हा. टेबल आत न्यायचंय."