तीन की आठ

गाडी कुणाचीही असो, ते आधी पुढच्या उजव्या चाकाशी उकिडवे बसायचे. चेसिसवरची धूळ खांद्यावरच्या टॉवेलने पुसायचे, कोरलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचे आणि पेन्सिल आडवी करून घासायचे. काळ्या पट्ट्यात पांढरे आकडे उमटले की म्हणायचे, "गाडीचं नाव नगं सांगू. तिचा नंबर बोलतो."

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याला कुणी नेमलेलं नसतं, कुणी बोलावलेलंही नसतं, तरी तो हजर असतो आणि आपण त्याला हसत असतो.

ते आमच्या तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्यात वाहन विभागात फिटर होते. सगळे त्यांना फिटरकाकाच म्हणत. दुष्काळात ऊसच उरला नाही, गाळप थांबलं आणि काकांचे पाने पेटीत जाऊन पडले. त्यातच कारखान्याच्या पत्त्यावर जीप बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. अमुक बनावटीच्या जीपांमध्ये स्टिअरिंगचा एक जोड सदोष आहे, गाडी आणा, फुकट बदलून देऊ. गंमत अशी की ती जीप कारखान्याने कधीच विकली होती. घेणाऱ्यानेही पुढे विकली होती. कागदावर नाव मात्र अजून कारखान्याचंच.

काका पत्र घेऊन माझ्या कॉम्प्युटर सेंटरवर आले. "पत्र येतं कागदावरच्या मालकाला, अन् मरतो चालवणारा," ते म्हणाले. "आपल्याकडं नाव कोन बदलून घेतं?"

ती जीप त्यांनी शोधून काढली आणि दुरुस्तीला धाडली. पण तशा जीपा तालुकाभर पळत होत्या. मग आमचा उद्योग सुरू झाला. काका ठसे आणायचे, मी कंपनीच्या वेबसाइटवरच्या चौकोनात सतरा अक्षरी नंबर टाकायचो. काम बाकी असेल तर लाल ओळ यायची, नसेल तर हिरवी. मी मुद्दाम शून्याच्या जागी ओ दाबायचो.

"ओ नगं बे, शून्य टाक! चेसिसमधी ओ नसतोच," ते दर वेळी तितक्याच कळकळीने ओरडायचे.

लोकांनी मात्र भलतंच ऐकलं. कंपनीने गाड्या परत मागवल्यात, म्हणजे नेणार, अशी हूल उठली. काकांची सायकल दिसली की जीपा गायब होऊ लागल्या. एका म्हातारीने तर जीप गोठ्यात घालून वर ताडपत्री टाकली होती. तिचा लेक त्या जीपमधून जनावरांच्या चारा छावणीवर माणसं नेआण करायचा.

"हीर आटली, बैलं छावणीत गेली," ती म्हणाली. "दारात येवढी येकच चालती वस्तू हाय. ती बी नेता व्हय?"

"न्यायला न्हाई आलो, आक्का. निस्ता नंबर बघतो."

काका भर उन्हात गोठ्यासमोर बसून राहिले. शेवटी म्हातारीनेच ताडपत्री ओढली आणि त्यांना पाणी दिलं. त्या दिवसांत पाणी देणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

चेसिस गंजलेली होती. ठशात शेवटून दुसरा आकडा फुटलेला. माझ्या दारात पीकविम्याची रांग लागली होती आणि मी वैतागलो होतो.

"मला तीन वाटतंय," काका म्हणाले. "उद्या घासलेट लावून परत ठसा काढतो."

"आठच आहे, काका. रांग बघा बाहेर."

मी आठ टाकला. हिरवी ओळ आली. काकांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तू म्हणतो तर आठ," ते म्हणाले, आणि म्हातारीला सांगून आले की पोराला बिनघोर चालवू दे.

पण त्यांना चैन पडेना. चार दिवसांनी ते पुन्हा तिच्या दारात गेले, लेक निघायच्या आत घासलेटने गंज काढला आणि नवा ठसा घेतला. सायकल दामटत येईपर्यंत दुपार झाली. रांग ओलांडून त्यांनी कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला.

तीन होता. मी नंबर टाकला आणि लाल ओळ आली.

पोराचा फोन नुसता वाजत राहिला. छावणीवर विचारलं तर पोरगा माणसं घेऊन कडा गावच्या बाजाराला गेला होता. मी मोटारसायकल काढली. काका मागे बसले. त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती आणि ते एकच म्हणत होते, "हाण, हाण लवकर."

वाटेतल्या पुलाशी जीप कोरड्या नाल्यात आडवी पडली होती. माणसं रस्त्याच्या कडेला रक्त पुसत बसली होती. पोराला बाभळीखाली निजवलं होतं. त्याच्या तोंडावर कुणाचं तरी उपरणं होतं.

सावडायच्या दिवशी म्हातारीने सगळ्यांसमोर विचारलं, "गाडी बरी हाय म्हनून कुनी सांगितलं?"

"मी, आक्का," काका म्हणाले. "ठसा मीच काढला. माझ्याच हातानं चूक झाली."

मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणजे नजरेनेही कुणाला कळू दिलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही, आणि तरीही मी गप्प राहिलो.

पुढे कुणी त्यांना गाडीला हात लावू देईना. ज्यांच्या जीपांचे जोड त्यांनी खटपट करून बदलून आणले होते, तेही स्टँडवर तोंड फिरवायचे. काही दिवसांनी ते परळीला लेकीकडे गेले, आणि मग एके दिवशी तिकडूनच ते वारल्याचा निरोप आला.

मी भेटायला गेलो. लेकीने ओसरीवर साठलेली वीजकेंद्राची राख झटकून सतरंजी टाकली, चहा दिला.

"दादा, तुमचं लई नाव काढायचे," ती म्हणाली. "म्हनायचे, कॉम्प्युटरवाला लई हुशार. मी चुकलो, पर त्याच्या हातून कधी येक आकडा चुकला न्हाई. आसंच हाय ना?"

मी "हो" म्हणालो.